पाच फूट बाहेर, साडेसात फूट आत

कराडातलं आमचं जुनं घर पाडून त्याच जागी आरसीसी घर बांधायला काढलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त वाद झाला तो पुढच्या गॅलरीवरून. आर्किटेक्टने पाच फूट दाखवली होती. हिला सात फूट हवी होती, कारण पाच फुटांत झोपाळा टांगला की माणसाने जायचं कुठून? मुलाने मोबाइलवर अमेरिकेतल्या त्या धबधब्यावरच्या घराचे फोटो काढून दाखवले आणि म्हणाला, हे बघा, पंधरा फूट बाहेर आहे, खाली एक खांब नाही, तेही नव्वद वर्षांपूर्वीचं.

फोटो घेऊन आम्ही आरसीसीवाल्या साहेबांकडे गेलो. म्हणजे स्ट्रक्चरल कन्सल्टंट, पण आमच्याकडे सगळे त्यांना आरसीसीवालेच म्हणतात. त्यांनी फोटो पाहिला आणि हसले. म्हणाले, "फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर. सुंदरच आहे. पण त्या गच्चीचं टोक सात इंचांच्या आसपास खाली आलं होतं, ते सांगितलं का कुणी? शेवटी 2002 मध्ये आतून पोलादी केबल घालून, ताणून धरावी लागली." मुलगा गप्प झाला. हिने मात्र झोपाळ्याचा मुद्दा सोडला नाही.

मग साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. बीम दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर त्यावर येणारा वाकवणारा जोर एक. तोच बीम, तेवढ्याच लांबीचा, तेवढंच वजन, पण एकाच टोकाला धरलेला आणि दुसरं टोक मोकळं, म्हणजे कॅन्टिलिव्हर, तर जोर चौपट. टोक खाली झुकण्याचं मोजमाप तर साडेनऊ पटीच्या वर. आणि लांबी वाढवली की हे सगळं सरळ हिशेबात वाढत नाही. जोर लांबीच्या वर्गाने वाढतो, झुकणं चौथ्या घाताने. पाचाचे सात फूट केले तर बीमच्या मुळाशी येणारा जोर जवळपास दुप्पट, आणि बीमची उंची तेवढीच ठेवली तर टोकाचं झुकणं जवळपास चौपट. "दोन फुटांसाठी एवढं?" असं ही म्हणाली, पण आवाजातला ठामपणा गेला होता. गॅलरी पाच फुटांवर ठरली. झोपाळा हॉलमध्ये गेला.

साहेबांच्या ऑफिसात भिंतीवर एका जुन्या चित्राची फ्रेम होती. पडक्या भिंतीतून बाहेर आलेलं एक लाकूड, त्याच्या टोकाला आकड्याने लटकवलेला दगड. ते गॅलिलिओचं 1638 मधलं चित्र. त्याने तेव्हाच हा प्रश्न मांडला, पण उत्तर चुकलं. सगळं लाकूड खालच्या कडेभोवती फिरतं आणि आतले सगळे तंतू सारखेच ताणले जातात असं त्याने धरलं. त्यामुळे लाकडाची ताकद खऱ्याच्या तिप्पट निघत होती. खरं म्हणजे वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मध्ये कुठेतरी ना ताण ना दाब. काँक्रीट दाब सहन करतं, ताण फारसा नाही. म्हणून जिथे ताण तिथे सळई. नेहमीच्या बीममध्ये गाळ्याच्या, म्हणजे दोन कॉलममधल्या भागाच्या, मध्यावर ताण खाली असतो, म्हणून मुख्य सळई खाली. गॅलरीच्या बीममध्ये ताण वर, म्हणून मुख्य सळई वर. एवढं समजलं की बाकीचं ड्रॉइंग आपोआप वाचता येतं.

आमच्या ड्रॉइंगमध्ये गॅलरीला तीन बीम होते, एकमेकांपासून दहा फुटांवर. घरातले आतले बीम येतात तेच कॉलमवरून पुढे बाहेर काढलेले. कॉलमपाशी नऊ इंच रुंद आणि अठरा इंच उंच, टोकाला जाईपर्यंत नऊ बाय नऊ. वरची बाजू सपाट, खालची तिरकी. वर तीन सळया पाच सुती, म्हणजे 16 मिलिमीटरच्या. खाली दोन चार सुती. आणि वरच्या सळयांच्या पुढे बाण काढून लिहिलेलं: कॉलमच्या आत साडेसात फूट.

हे मला पटेना. गॅलरी पाच फूट आणि सळई आत साडेसात? सळई महाग, आणि आतल्या गाळ्याला तर खालून वेगळ्या सळया आहेतच. साहेब म्हणाले, दोन गोष्टी आहेत. एक, सळई काँक्रीटमध्ये पुरेशी रुतलेली पाहिजे, नाहीतर ताण आला की उपटून निघेल. आमच्या काँक्रीटला आणि सळईला ती लांबी जाडीच्या साधारण 49 पट येते, म्हणजे अडीच फुटांच्या थोडी वर. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: वाकवणारा जोर कॉलमच्या तोंडाशी येऊन थांबत नाही. तो कॉलम ओलांडून आतल्या बीममध्ये शिरतो आणि हळूहळू कमी होत जातो. तो जिथपर्यंत जातो तिथपर्यंत वरच्या सळईची गरज आहे. त्यांचा ठोकताळा बाहेरच्या दीडपट आत. लोक गॅलरीकडे रस्त्यावरून बघतात, तिला धरून ठेवणारा भाग मात्र हॉलच्या छतात असतो.

आता फिटर, म्हणजे सळया वाकवून बांधणारा. आमचा फिटर कामाला वाघ, पण ड्रॉइंगचा कागद म्हणजे त्याला वैयक्तिक अपमान वाटायचा. तिरक्या बीमला प्रत्येक रिंग, म्हणजे सळयांभोवती बांधायचं चौकोनी कडं, वेगळ्या मापाची लागते. कॉलमपाशी सगळ्यात उंच, मग थोडी लहान, मग आणखी लहान, अशी उतरती भाजणी. एकाच मापाच्या रिंगा पाट्यावर खिळे ठोकून धडाधड वाकवायची सवय असलेल्या माणसाला हे काम म्हणजे शिक्षा. "सर, सगळ्या येका मापात घेतो की, बीम सरळ करा. चार घमेली माल जास्त जाईल, त्याचं काय एवढं?" चार घमेली नव्हे, आणि तो जास्तीचा माल नेमका टोकाला लटकणार, जिथे वजन सगळ्यात महागात पडतं. साहेबांनी फोनवर एका वाक्यात नाही म्हटलं. रिंगा शेवटी त्याने केल्या, आणि छान केल्या. खडूने प्रत्येकीवर आकडा घालून ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

दुसरी कुरबूर तुकड्यांवरून. साइटवर आठ-दहा फुटांचे सळईचे तुकडे पडले होते. ते जोडून, कॉलमवर एकावर एक चढवून चालतंय का? नाही. वरच्या सळईला कॉलमच्या आसपास जोड नको, अखंड साडेबारा फूट हवी, टोकाला वाकवायची ती वेगळी. जिथे सगळ्यात जास्त ताण तिथेच जोड देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली.

पण खरी गोष्ट निघाली ती तपासणीच्या दिवशी. कॉलमच्या डोक्यावर दोन बीम एकमेकांना छेदतात: गॅलरीकडे जाणारा आणि भिंतीवरून आडवा जाणारा. दोघांच्याही वरच्या सळया एकाच पातळीत असू शकत नाहीत. कुणीतरी खालून जायला पाहिजे. फिटरने आडव्या बीमच्या सळया आधी बांधल्या होत्या आणि गॅलरीच्या त्यांच्या खालून ओवल्या होत्या, कारण तसं सोपं पडतं. साहेब वाकून बसले, खिशातली टेप काढली आणि गॅलरीच्या सळईपासून फळीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. सळई असायला हवी होती त्याच्या दीडेक इंच खाली. त्यांनी फिटरला काही बोललं नाही. फक्त म्हणाले, "गॅलरी वर, भिंत खाली." फिटर म्हणाला, "एक-दीड इंचानं काय बिल्डिंग पडतीय व्हय साहेब?" त्यावर ते म्हणाले, "पडणार नाही. पण तू मला सोळाची सळई लावून पंधराची करून देतोयस. मग मी सोळाचे पैसे का द्यायचे?" हा हिशेब फिटरला लगेच कळला. पकडीने बाइंडिंगच्या तारा तोडून अर्धा दिवस त्या तीन कॉलमांवर गेला.

त्याच भेटीत मी विचारलं, खालच्या दोन सळया मग कशाला? रिंगा बांधायला काहीतरी लागतं म्हणून का? ते तर आहेच, पण आपण कोयनेच्या पट्ट्यात आहोत, असं ते म्हणाले. कोयनेच्या भूकंपाची, 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्या आईला अजून आठवते, ती तेव्हा नवी नवरी होती. भूकंपात जमीन आडवीच हलते असं नाही, वर-खालीही हलते. बाहेर आलेला भाग वर उसळला तर क्षणभर ताण खालच्या बाजूला येतो. भूकंपासाठीच्या भारतीय मानकात (आय.एस. 1893) गॅलरी-सज्जांसाठी उभ्या हादऱ्याचा गुणांक पाचपट धरून तपासायला सांगितलं आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जुन्या घराची लाकडी गॅलरी तेव्हा पडली नव्हती. खरं आहे. तिच्या सागवानी तुळयाही आतूनच बाहेर आलेल्या होत्या, अर्ध्याहून जास्त माजघराच्या अंगाला. पाडताना पाहिलं, आतलं लाकूड खणखणीत होतं. भिंतीतून बाहेर पडतात तिथे मात्र पावसाने पार भुसा झालेला.

स्लॅब पडला तो दिवस पटकन गेला. रेडीमिक्सच्या गाड्या एकामागे एक आल्या. साहेबांची एकच अट होती: गॅलरी आणि तिच्या मागचा गाळा एकाच दमात भरायचा, कॉलमच्या तोंडाशी जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड येता कामा नये. टोकाकडे फळ्या मुद्दाम दोन सूत, म्हणजे पाव इंच, उचलून बांधल्या होत्या, म्हणजे पुढे टोक थोडं बसलं तरी गॅलरी नाक खाली घातल्यासारखी दिसू नये. मी व्हायब्रेटरवाल्याच्या मागे उभा होतो, कारण कॉलमच्या डोक्यावर आता सळयांची इतकी गर्दी झाली होती की खडी आत उतरेल की नाही अशी शंका यावी. उतरली.

मग पाणी मारणं आणि वाट बघणं. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. 456) सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू 14 दिवस ठेवायचे. साहेबांनी गॅलरीचे 28 दिवसांआधी काढायचे नाहीत असं लिहूनच दिलं होतं. सेंटरिंगवाल्या, म्हणजे टेकू-फळ्या लावणाऱ्या, ठेकेदाराची मात्र घाई, त्याचा माल दुसऱ्या साइटवर हवा होता. घरातल्या गाळ्याचा माल त्याला आधी नेऊ दिला, पण गॅलरीखालचे आणि त्यांच्या लगतच्या आतल्या बीमचे टेकू हलवू दिले नाहीत. आतला भागच धरून ठेवणारा, तो आधी मोकळा करून कसं चालेल?

टेकू काढायला दोन पोरं आली. सावली भिंतीकडे होती, म्हणून त्यांनी भिंतीकडच्या टेकूला हात घातला. मुकादम खालून ओरडला, "टोकाकडनं घ्या रं! भिंतीकडनं न्हाई!" मला वाटलं, एवढं काय, सगळेच काढायचे आहेत ना. नंतर विचार केला तेव्हा उलगडलं. भिंतीकडचे टेकू आधी काढले आणि टोकाचा राहिला, तर बीम थोडा वेळ दोन्ही टोकांना टेकलेला होतो: एकीकडे कॉलम, दुसरीकडे तो टेकू. मग मध्ये ताण खाली येतो आणि खाली तर चार सुतीच्या दोनच सळया. ज्यासाठी बीम केलेलाच नाही ते काम त्याच्याकडून करून घेतल्यासारखं होतं. टोकाकडून काढत आलं की बीम हळूहळू आपल्या खऱ्या कामाला लागतो. दोन्हीकडे टेकलेल्या बीमला मात्र मधूनच सुरुवात करून कडेला जायचं. मुकादमाला ना वर्ग माहीत ना चौथा घात, पण क्रम पाठ होता. कारण विचारलं तर म्हणाला, "गुरूनं तसंच शिकिवलं."

मी आदल्या दिवशी लेव्हल पाइपने तिन्ही टोकांची खूण समोरच्या बांबूवर करून ठेवली होती. टेकू निघाल्यावर पुन्हा पाणी लावलं. अर्धं सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, तेही पाण्याच्या नळीत डोळ्यांना भास होतोय की खरं, असं. खूश व्हावं की निराश व्हावं कळेना, मला काहीतरी दिसेल असं वाटत होतं.

खिडक्यांवरचे छज्जे पुढे विटकामात झाले. तेही कॅन्टिलिव्हरच, फक्त दोन फुटांचे, आणि म्हणूनच सगळे हलक्यात घेतात. मुळाशी चार इंच जाडी, वरच्या अंगाला तीन-सुतीहूनही बारीक, 8 मिलिमीटरच्या सळया. घमेलं घेऊन जाणारा माणूस नेमका त्या जाळीवर पाय देतो. एक पाय पडला की सळई इंचभर खाली. चार इंचांच्या छज्ज्यात कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सोडून सळईला तीनच इंच खोली मिळते, त्यातला एक इंच गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि वरून काँक्रीट पडलं की कुणाला कळणारही नाही. मी फिटरकडून जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या वाढवून घेतल्या आणि चालायला फळी टाकायला लावली. शिवाय लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या बीमच्या, वरचं विटकाम होईपर्यंत छज्ज्याचे टेकू काढायचे नाहीत. शेतातल्या जुन्या विहिरीच्या भिंतीतून बाहेर आलेले दगडी पायठेही असेच उभे असतात, मागच्या शेपटावर भिंतीचं वजन बसलेलं म्हणून. "वर वजन नसंल तर उलाळ व्हतंय गाडीवानी," म्हणजे छज्जा पुढे कलंडतो, हे गवंड्याचं म्हणणं, आणि यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

कठड्याला मी विटा सोडून लोखंडी रेलिंग घेतलं, ते पाहून शेजारीपाजारी जरा नाराज झाले, कारण गल्लीत सगळ्यांचे विटांचे. पण हिशेब ऐका. मधल्या बीमच्या वाट्याला येणारी गॅलरी दहा बाय पाच. स्लॅब, फरशी, माणसं धरून आणि बीमसकट साडेतीन टनांच्या आसपास, पण ते वजन सरासरी अडीच फुटांवर. साडेचार इंची विटांचा साडेतीन फुटी कठडा दोन्हीकडून प्लास्टर करून दहा फुटांत नऊशे किलोच्या घरात जातो, आणि तो बसतो पार टोकावर. वजनाने चौथा हिस्सा, वाकवणारा जोर निम्म्याइतका. रेलिंग तेवढ्याच लांबीत शंभर किलोही भरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी वॉटरप्रूफिंगवर घालवला, आणि याचं घरच्यांना नवल वाटलं. कारण साधं आहे. गॅलरीत ताण वरच्या बाजूला, म्हणून बारीक चीर पडली तर ती वरच पडणार, आणि तीही भिंतीच्या रेषेत, दाराच्या उंबऱ्यापाशी. नेमकं तिथेच पावसाचं पाणी साचतं, आणि नेमकं तिथेच आपली मुख्य सळई पृष्ठभागापासून इंचभर खाली. वर फरशी बसलेली, त्यामुळे चीर दिसत नाही. खालून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण खालची बाजू दाबलेली असते, तिथे तडा जात नाही. सळई गंजून बारीक होत राहते. किनाऱ्याकडच्या आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्या पावसाळ्यात फारशी सूचना न देता खाली येतात त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून फरशीखाली बाहेरच्या बाजूला उतार, उंबऱ्यापाशी वॉटरप्रूफिंग भिंतीवर वीतभर चढवलेलं, आणि टोकाच्या खालच्या कडेला पाणी परत आत ओघळू नये म्हणून खाच. फरशीवाल्याने उतार कमी धरला होता, तेवढी ओळ काढून परत बसवली.

हिच्या कुंड्या आता गॅलरीत आहेत. मोठ्या सिमेंटच्या, माती ओली झाली की दोघांना हलत नाहीत अशा, सगळ्या भिंतीला लागून. रेलिंगला फक्त मनीप्लांटच्या प्लॅस्टिकच्या.

गृहप्रवेशाला पलीकडच्या आळीतले एक काका आले होते. त्यांच्या गॅलरीला पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांनी ती मागे ग्रिल लावून बंद केली, टोकाला वॉशिंग मशीन आणि सिंटेक्सची टाकी ठेवली. चहा पिता पिता ते म्हणाले, आमच्या दारापाशी फरशी एका रेषेत उचलल्यासारखी झाली आहे, सिमेंट भरलं तरी परत सुटते. मी त्यांना सांगितलं, सिमेंट भरू नका, टाकी आजच आत घ्या आणि ती ओळ उखडून सळई बघा. शनिवारी आमचे आरसीसीवाले साहेब त्यांच्याकडे जाणार आहेत. तोवर गॅलरीखाली दोन जॅक लावायला सेंटरिंगवाल्याला सांगितलंय.